शाई शेवटी: भुयाराचा नकाशा हाताने काढण्याचा क्रम

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) किंवा तशाच एखाद्या रोल-प्लेइंग खेळासाठी, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन टेबलावर रंगवायच्या साहसकथेसाठी, हाताने नकाशा काढताना एक चूक पुन्हा पुन्हा होते. नकाशा आधी देखणा होतो आणि तो खेळता येत नाही हे सेशनच्या, म्हणजे खेळाच्या बैठकीच्या दिवशी कळतं. भिंती शाईने पक्क्या झालेल्या, कडेने बारीक रेघा भरलेल्या, आणि चार खेळाडू व पाच गॉब्लिन एकाच खोलीत आले की कुणाला पाय ठेवायला जागा नाही. तोवर खोडरबराचा उपयोग संपलेला असतो.

म्हणून खालचा सगळा क्रम एका गोष्टीभोवती बांधला आहे: नकाशा पेन्सिलीत असतानाच त्यावर खेळून बघायचं, शाई त्यानंतर. उदाहरण म्हणून तीन-चार तासांच्या वन-शॉटला, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळाला पुरेल असं सहा जागांचं भुयार घेतलं आहे. आकडे डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत. त्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो, त्यामुळे पुस्तक हाताशी नसलं तरी ते ताडून बघता येतील.

## तयारी: काय हवं, काय टाळायचं

आलेख कागद. शाळेच्या प्रॅक्टिकलला लागतो तो मिलिमीटरचा कागद उत्तम. सेंटिमीटरच्या ठळक रेघांचा चौकोन म्हणजे आपलं एक घर. ए४ आकाराच्या कागदावर साधारण १८ × २५ घरं मिळतात, आणि सहा जागांच्या भुयाराला ती पुरून उरतात.

अंतिम कागद. १२० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज कागद. वहीच्या पानावर शाई पसरते. चकचकीत कार्डशीटवर ती वाळायला वेळ घेते आणि तळहाताने पुसली जाते.

पेन्सिली. मापाच्या रेघांसाठी २एच, आकार पक्के करायला एचबी. २बी किंवा त्याहून मऊ पेन्सिल इथे नको. तिची काजळी शाईखाली अडकते आणि रेघ करडी दिसते.

पेनं. पिगमेंट शाईची तीन पेनं पुरतात: साधारण ०.५ मिमी भिंतींना, ०.२५ मिमी सामानाला, ०.२ मिमी भिंतीबाहेरच्या रेघांना. पेनावरचा आकडा मिलिमीटरमध्ये असेलच असं नाही. सकुरा पिग्मा मायक्रॉनचं ‘००५’ ०.२० मिमीचं असतं, ‘०१’ ०.२५ मिमीचं आणि ‘०५’ ०.४५ मिमीचं. घेताना टोपणावरचा आकडा आणि रेघेची जाडी दोन्ही वाचा.

बाकीचं. ३० सेंमीची पट्टी, कंपास, मऊ खोडरबर, मास्किंग टेप, आणि स्वयंपाकघरातले थोडे मूग, चणे व राजमा. कडधान्य कशाला ते चौथ्या टप्प्यात येईल.

> तपासा: अंतिम कागदाच्या तुकड्यावर तिन्ही पेनांनी रेघ ओढा. पाच मिनिटांनी ओलं बोट फिरवा, मग खोडरबर. शाई फुटली किंवा पसरली तर पेन किंवा कागद बदला. ही परीक्षा नकाशावर घेऊ नका.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, कागद हवेतली ओल पितो. कडा वळतात, रेघ जाड होते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा.

## टप्पा १: आधी आकडे, मग आकार

एक घर म्हणजे ५ फूट. नकाशावरची प्रत्येक गोष्ट या मापात बसली पाहिजे, म्हणून कागद समोर ओढण्याआधी पुढचे आकडे एका चिठ्ठीवर उतरवून घ्या.

मध्यम आकाराचं पात्र, म्हणजे माणूस, एल्फ, ऑर्क, लढाईत एक घर व्यापतं. ओगरसारखा मोठा प्राणी २ × २ घरं व्यापतो, त्याहून मोठा ३ × ३. बहुतेक पात्रं एका पाळीत ३० फूट, म्हणजे ६ घरं चालतात. पळाली तर १२. आखूड धनुष्याचा सरळ पल्ला ८० फूट, म्हणजे १६ घरं. मशालीचा लख्ख उजेड २० फुटांपर्यंत आणि पुढचे २० फूट मंद. फायरबॉल या आगीच्या मंत्राची त्रिज्या २० फूट, म्हणजे त्याला ८ घरं व्यासाचा गोल लागतो.

आता या आकड्यांतून खोल्यांची मापं आपोआप निघतात. ४ × ४ घरांच्या खोलीत एकूण १६ घरं. चार खेळाडू आणि चार शत्रू आत आले की निम्मी भरली, आणि उरलेल्यांत टेबल, खांब आणि पेटाराही आहे. अशी खोली पहाऱ्याला चांगली, लढाईला वाईट. लढाई जिथे व्हावी असं वाटतं ती जागा किमान ६ × ८ घरांची ठेवा. शेवटच्या लढाईत मोठा प्राणी असेल तर ८ × ८.

वाटेची रुंदी हा सगळ्यांत दुर्लक्षित आकडा. एका घराच्या वाटेत पुढचा एकटा लढतो आणि मागचे तिघं वाट बघतात. वाटा दोन घरांच्या ठेवा. एका घराची वाट मुद्दाम हवी असेल तिथेच, आणि तीही छोटी. ओगरला एका घराच्या वाटेत कोंबलं तर नियमाप्रमाणे त्याची चाल निम्मी होते, त्याच्या हल्ल्यांना डिसअॅडव्हान्टेज लागतो (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा) आणि त्याच्यावरच्या हल्ल्यांना अॅडव्हान्टेज मिळतो (दोनांतला जास्त). म्हणजे तुमचा सगळ्यांत भारी शत्रू दारातच संपतो. दरवाजाचंही तेच: ओगर ज्या खोलीत राहतो तिचा दरवाजा दोन घरांचाच हवा, नाहीतर तो आत आला कसा हा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

> सावधान: पाचव्या आवृत्तीच्या साध्या नियमात तिरकं पाऊलही ५ फुटांचंच धरतात. त्यामुळे दहा घरांची तिरकी वाट पट्टीने मोजली तर जवळपास ७० फूट आणि घरांनी मोजली तर ५० फूट, असा घोळ होतो. पहिल्या दोन-तीन नकाशांत वाटा सरळ आणि काटकोनातच ठेवा.

## टप्पा २: गोळ्यांचा आराखडा

साध्या पाठकोऱ्या कागदावर प्रत्येक जागेसाठी एक गोळा काढा आणि गोळे रेघांनी जोडा. मापं नाहीत, आकार नाहीत. इथे फक्त कोण कुणाला जोडलं आहे ते ठरतं. आपले सहा गोळे:

1. दरवाजा आणि देवडी, ४ × ४
2. खांबांचं दालन, ६ × ८
3. पाण्याचं टाकं, ५ × ५
4. कोठार, ४ × ५
5. चोरवाट, एका घराची
6. शेवटचं दालन, ८ × ८

नवा डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) हे सहाही एका ओळीत लावतो. १ मधून २, २ मधून ३, असं ६ पर्यंत. खेळाडूंना निवडायला काहीच उरत नाही, आणि एक लढाई हरली तर पुढचं सगळं बंद. निदान एक फेरा हवाच. आपल्या भुयारात १ मधून २ आणि २ मधून ६ ही उघड वाट आहे. दुसरी वाट १ मधून ३ कडे जाते, आणि टाक्याच्या पाण्याखालून चोरवाटेने थेट ६ मध्ये शेवटच्या दालनाच्या पाठीशी निघते. कोठार २ ला लागून, एकच दार असलेलं.

इथे महाराष्ट्रातल्या किल्ल्यांकडे नीट बघण्यासारखं आहे. आपल्याकडचे डीएम युरोपीय गढ्यांचे आराखडे शोधत बसतात, आणि लढाईच्या जागा कशा रचायच्या याचे उत्तम धडे घराजवळ दगडात उभे आहेत. रायगडाचा महादरवाजा गोमुखी बांधणीचा आहे. दोन बुरुजांच्या कवेत वळण घेऊन गेल्याशिवाय दार दिसत नाही, आणि तोवर वरून मारा होत राहतो. नकाशावर हे काढायला दोन वळणं आणि दोन अर्धगोल पुरतात. दौलताबादची अंधारी ही डोंगराच्या पोटातली वळणावळणाची काळोखी वाट आहे. मशालीचा लख्ख उजेड २० फुटांवर थांबतो हा नियम तिथे आपोआप जिवंत होतो. देवडी म्हणजे दाराच्या आत बाजूला पहारेकऱ्यांची बसायची जागा: खेळाडू दारातून सरळ पुढे गेले की मागून हल्ला. जंग्या, म्हणजे तटातली मारा करायची भोकं, खेळात थ्री-क्वार्टर्स कव्हर (तीन-चतुर्थांश आडोसा) देतात, म्हणजे आतल्याच्या आर्मर क्लासला, वार लागायला गाठावा लागणाऱ्या आकड्याला, +५. दाराच्या आतल्या भिंतींत अडसराची खोबण दाखवली की खेळाडू स्वतःच विचारतात, “अडसर घालून दार बंद करता येईल का?” अशी एक खोबण दहा कोरीव मूर्तींपेक्षा खेळाला जास्त उपयोगी पडते.

> तपासा: आराखड्यातली कोणतीही एक रेघ अंगठ्याने झाका. तरीही शेवटच्या दालनापर्यंत जाता येतं का? एखाद्या रेघेने सगळंच तुटत असेल तर तिथे फार अवघड कुलूप किंवा कोडं ठेवू नका, किंवा दुसरी वाट द्या.

## टप्पा ३: आलेख कागदावर पेन्सिलीत मांडणी

सगळ्यांत मोठी खोली आधी मांडा. छोट्यांपासून सुरुवात केली की शेवटच्या दालनाला कागदाच्या कोपऱ्यात ५ × ६ घरं उरतात, आणि शेवटची लढाई अडगळीत होते. आधी ६ क्रमांकाचं दालन, मग २, मग उरलेल्या.

भिंत म्हणजे घरांमधली रेघ. घर काळं करून भिंत दाखवू नका, नाहीतर ८ × ८ ची खोली नकळत ६ × ६ ची होते.

दोन शेजारच्या खोल्यांमध्ये निदान एक घर खडक सोडा, शक्यतो दोन. दोन खोल्यांना एकच भिंत दिली तर पुढे बाहेरच्या रेघांना जागा उरत नाही आणि नंतर सुचलेली चोरवाट घुसवता येत नाही.

दरवाजे घराच्या मधोमध काढा, दोन घरांच्या सांध्यावर नको. सांध्यावरच्या दारात उभं राहिलेलं पात्र नेमकं कोणत्या घरात आहे यावर वाद होतो. गोल खोली काढायची असेल तर व्यास सम घरांचा घ्या आणि कंपासचं टोक चार घरांच्या सांध्यावर ठेवा. कडेच्या अर्धवट घरांचं आधीच ठरवून टाका: अर्ध्याहून जास्त घर आत असेल तर उभं राहता येतं, नाहीतर नाही.

जिने काढताना आडव्या रेघा उतरत्या दिशेने आखूड होत जातात. शेजारी बाण काढलात तर तो नेहमी उताराकडेच करा. एका नकाशावर काही बाण चढाकडे आणि काही उताराकडे आले की सेशनमध्ये तुम्हीच गोंधळता.

सामान सगळ्यांत शेवटी, आणि कमी. प्रत्येक खोलीत अशा दोन-तीन गोष्टी ठेवा ज्यांचं काहीतरी करता येईल: मागे लपता येईल असा खांब, उलटवता येईल असं टेबल, कापता येईल असा दोर, चाल निम्मी करणारा ढिगारा. भिंतीवरची कोळिष्टकं, कवट्या आणि भेगा शाईच्या वेळी बघू.

## टप्पा ४: कडधान्य मांडून खेळून बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि बहुतेक नकाशे इथेच चुकतात. सेंटिमीटरच्या घरात मुगाचा दाणा नीट बसतो. चार मूग म्हणजे चार खेळाडू, चणे म्हणजे मध्यम शत्रू, आणि चार घरांच्या सांध्यावर ठेवलेला राजमा म्हणजे ओगर. फासे टाकू नका, फक्त हालचाल करा. प्रत्येक लढाईच्या खोलीत दोन फेऱ्या पुरतात.

काय बघायचं? पहिल्या फेरीत सगळ्या मुगांना काहीतरी करता आलं का, की दोघं दारामागे अडकले? धनुष्यवाल्याला कुठून तरी नेम दिसतो का? शत्रूला मागे हटायला वाट आहे का? शेवटच्या दालनात चोरवाटेने आलेला मूग खरोखर शत्रूच्या मागे निघतो का, की बाजूलाच?

अडलेल्या जागा सुधारण्याचे उपाय मोजकेच आहेत आणि बहुधा त्यातला एक लागू पडतो:

- दारात गर्दी झाली: दार दोन घरांचं करा किंवा आत दारासमोरची तीन घरं मोकळी ठेवा.
- सगळे एका रांगेत उभे राहून नुसते वार करतात: खोलीच्या मध्यात अडथळा टाका, म्हणजे वळसा घालावा लागेल. २ × २ चा खांब किंवा पाण्याचा हौद चालतो.
- धनुष्यवाला आणि जादूगार अजिंक्य झाले: दारापासून शत्रूपर्यंतची सरळ नजर एका खांबाने तोडा.
- शत्रू पहिल्याच फेरीत सगळ्यांपर्यंत पोचतात: खोलीची लांबी ७ घरांच्या पुढे न्या, किंवा मधल्या दोन ओळी ढिगाऱ्याच्या करा. अवघड जमिनीवर प्रत्येक घराला दोन घरांची चाल लागते.

खोडा, बदला, पुन्हा मूग मांडा. ही मेहनत वाया जात नाही. लढाई कशी वळेल याचा अंदाजही तुम्हाला इथेच येतो.

> सावधान: या टप्प्यानंतर खोल्यांची मापं बदलू नका. शाई करताना ‘इथे अजून एक खोली छान दिसेल’ असं वाटतंच. ती पुढच्या नकाशाला ठेवा.

## टप्पा ५: अंतिम कागदावर उतरवणं

आलेख कागद खिडकीच्या काचेवर टेपने चिकटवा, त्यावर अंतिम कागद, आणि दिवसाच्या उजेडात २एचने हलक्या हाताने गिरवा. १२० जीएसएमच्या कागदातून एचबीच्या रेघा दिसतात. त्याहून जाड कागदातून नाही दिसल्या तर आलेख कागदाच्या मागच्या बाजूला एचबी पेन्सिल आडवी घासा, तो कागद वर ठेवा आणि रेघांवरून टोकदार पेन्सिल फिरवा. कार्बन पेपर वापरू नका, त्याचा ठसा खोडता येत नाही.

आधी चारही कोपऱ्यांत घरांच्या सांध्यांच्या खुणा करा. कागद सरकला तर या खुणांवरून परत बसवता येतो. घरांच्या जाळीच्या रेघा फक्त खोल्यांच्या आत उतरवा. बाहेर खडक आहे, तिथे जाळीचं काम नाही.

## टप्पा ६: शाई

क्रम असा: दारं, भिंती, जिने व खांब, सामान, जाळी, आणि सगळ्यांत शेवटी भिंतीबाहेरच्या रेघा.

दारं आधी याला कारण आहे. भिंत ओढायला लागलं की हात थांबत नाही आणि दाराच्या जागेवरून भिंत निघून जाते. दाराचा छोटा आयत आधी शाईत उभा असला की डोळ्याला थांबायची खूण मिळते.

भिंती ०.५ मिमीच्या पेनाने काढा. उजव्या हाताने काढत असाल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे या, डावखुऱ्यांनी उलट. पट्टी वापरायची असेल तर तिच्या खालच्या बाजूला दोन ठिकाणी मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवा. त्यामुळे कड कागदापासून किंचित उचललेली राहते आणि शाई पट्टीखाली ओढली जात नाही. कातळात खोदलेल्या भुयाराला मात्र पट्टीची गरज नसते. पेन्सिलीची सरळ रेघ खाली आहेच, तिच्यावरून हाताने ओढा. किंचित थरथर दगडाला शोभते.

कोपऱ्यांत रेघा जुळू द्या. किंचित पुढे गेल्या तरी चालतं, पण फट राहिली की तिथे चोरदार आहे असं खेळाडूंना वाटतं.

जाळीची रेघ सलग काढू नका. ०.२ मिमीच्या पेनाने तुटक रेघा किंवा नुसते सांध्यावरचे ठिपके पुरतात. जाळी भिंतीइतकी ठळक झाली की खोलीचा आकारच हरवतो.

## टप्पा ७: भिंतीबाहेरच्या रेघा

हाताने काढलेल्या नकाशांची ओळख बनलेली ही रेघांची झालर दिसायला अवघड वाटते, पण एकदा लय बसली की हात आपोआप चालतो. भिंतीला लागून बाहेरच्या बाजूला तीन समांतर रेघांचा जुडगा काढा. लांबी ६ ते ८ मिमी, दोन रेघांत दीड मिमी अंतर. त्याला चिकटून दुसरा जुडगा, वेगळ्या कोनात, पहिल्याच्या कडेला टेकलेला. मग तिसरा. भिंतीभोवती साधारण एक घर रुंदीचा पट्टा भरेपर्यंत असंच.

बिघडतं ते चार कारणांनी. सगळे जुडगे एकाच कोनात झाले की भिंत पावसात उभी असल्यासारखी दिसते. शेजारच्या जुडग्याचा कोन निदान ४५ अंशांनी बदला. जुडग्यांत पांढरी भोकं राहिली की नजर तिथेच जाते. भोक दिसलं की दोन छोट्या रेघांनी बुजवा. बाहेरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली की नकाशाला चौकट लावल्यासारखं वाटतं. काही जुडगे अर्ध्या घराने पुढे जाऊ द्या. आणि चौथं, सगळ्यांत नुकसानीचं: घाईत रेघा भिंतीच्या आत जातात. भिंतीकडून सुरुवात करून बाहेर ओढा, बाहेरून आत नको.

हात दुखायला लागला की थांबा. या टप्प्याला दोन-तीन बैठका लागल्या तरी चालतात. दमलेल्या हाताच्या रेघा लगेच ओळखू येतात. तळहाताखाली कोरा कागद ठेवायला विसरू नका.

## टप्पा ८: खोडणं आणि कोरी प्रत

शाई झाल्यावर निदान अर्धा तास थांबा. दमट दिवसांत रात्रभर ठेवा. मग खोडरबर एकाच दिशेने फिरवा. पुढे-मागे घासलं की कागद चुरगळतो. खोडताना शाई थोडी फिकी होते, म्हणून भिंतींवरून ०.५ मिमीचं पेन पुन्हा एकदा फिरवा.

आता, नकाशावर एकही अक्षर लिहिण्याआधी, स्कॅन करा. रंग, क्रमांक, सापळ्यांच्या खुणा, सगळं यानंतर. एकदा चोरदारावर खूण केली की तो कागद खेळाडूंना दाखवता येत नाही, आणि दुसरा काढायची ताकद कुणाकडेच नसते.

स्कॅन ३०० डीपीआयवर करा. ए४ कागदाची प्रतिमा साधारण २४८० × ३५०८ पिक्सेलची येते आणि एक सेंटिमीटरचं घर ११८ पिक्सेलचं. ऑनलाइन खेळत असाल तर फाउंड्री आणि रोल२० ही त्यासाठीची सॉफ्टवेअर आहेत; फाउंड्रीत घर मुळात १०० पिक्सेलचं धरलेलं असतं, रोल२०वर ७०. स्कॅनरला २५४ डीपीआय सांगता येत असेल तर घर नेमकं १०० पिक्सेलचं मिळतं. नसेल तर गिंप किंवा क्रितासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमा ८४.७ टक्क्यांवर आणा. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर कागद जमिनीवर, फोन बरोबर वरून समांतर, आणि उजेड खिडकीचा. किंचित तिरपा फोटो आला तरी जाळी एका बाजूला आकसते आणि ऑनलाइन जाळीशी कधीच जुळत नाही.

> तपासा: प्रतिमेत सर्वांत वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या घराची रुंदी मोजा. दोन पिक्सेलपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा स्कॅन करा.

## टप्पा ९: डीएमची प्रत

कोऱ्या प्रतीची एक झेरॉक्स काढा. ही तुमची. तिच्यावर खोल्यांचे क्रमांक, चोरदारं, सापळ्याची नेमकी घरं, शत्रूंच्या सुरुवातीच्या जागा, आणि कोणत्या खोलीतला आवाज कुठपर्यंत ऐकू जातो ते लाल पेनाने लिहा. प्रत्येक दाराशेजारी एक अक्षर: उ म्हणजे उघडं, कु म्हणजे कुलूप, अ म्हणजे आतून अडसर. सेशनमध्ये ‘दार बंद आहे का?’ हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि तेव्हा पानं उलटत बसायला वेळ नसतो.

सापळा खोलीभर नसतो, घरावर असतो. ‘खोलीत खड्डा’ असं लिहू नका. कोणतं घर ते रंगवा.

## टप्पा १०: टेबलावरचा मोठा नकाशा

टोकन किंवा मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) वापरून समोरासमोर खेळायचं तर घर २.५ सेंमीचं लागतं. अख्खं भुयार या मापात काढायची गरज नाही. फक्त २ आणि ६ ही लढाईची दालनं काढा. बाकीच्या जागा शब्दांत सांगितल्या तरी पुरतं, आणि न पाहिलेल्या खोल्या टेबलावर उघड्याही पडत नाहीत.

ए३ कागदावर २.५ सेंमीची १६ × ११ घरं बसतात. ६ × ८ चं दालन १५ × २० सेंमीचं, ते ए४ कागदावर मावतं. ८ × ८ चं २० × २० सेंमीचं होतं. ए४ ची रुंदी २१ सेंमी असल्यामुळे प्रिंटर कडेची ओळ कापतो. ते ए३ वर घ्या.

झेरॉक्सच्या दुकानात ‘शंभर टक्क्यांवर, फिट टू पेज न करता’ असं स्पष्ट सांगा. फिट टू पेज केलं की घर किंचित लहान होतं आणि शेजारशेजारचे दोन कागद जोडताना जाळी सरकते. आणखी एक गोची: विकत मिळणारे बॅटलमॅट, म्हणजे घरं आखलेल्या लढाईच्या चटया, बहुधा एका इंचाच्या, म्हणजे २.५४ सेंमीच्या घरांचे असतात. एका खोलीत फरक दिसत नाही, पण १६ घरांत तो ६ मिमीच्या वर जातो. बॅटलमॅटला जोडून ठेवायचं असेल तर सुरुवातीपासूनच इंचात काढा.

> तपासा: छापलेल्या कागदावर चार घरं मोजा. बरोबर १० सेंमी आली पाहिजेत. दुकानातून निघायच्या आधीच मोजा.

टोकन म्हणून कॅरमच्या सोंगट्या घेऊ नका. त्यांचा व्यास ३ सेंमीच्या वर असतो आणि शेजारच्या दोन सोंगट्या एकमेकींना ढकलतात. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं, तेही थोडं बाहेर येतं. जाड पुठ्ठ्याच्या २२ ते २४ मिमीच्या चकत्या कापा आणि त्यावर पात्रांचे चेहरे काढा. चित्र एवढंसं असतं की चेहऱ्यापेक्षा बाह्याकार आणि एकच ठळक रंग उपयोगी: टोपी, शिंग, ढाल. ओगरसाठी ४.५ सेंमीची चकती.

मोठा नकाशा लॅमिनेट केला तर त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने आग, तेल, पडलेला खांब दाखवता येतो. मार्कर कायमचा नाही ना, हे कोपऱ्यात रेघ ओढून बघा. सेशन संपल्यावर त्याच रात्री पुसा, कारण बरेच दिवस राहिलेली शाई डाग सोडते.

टेबलावर नकाशा उघडायच्या आधी ६ चं दालन चार पाठकोऱ्या कागदांनी झाका. खेळाडू आत आले की मशालीच्या उजेडाइतका भाग उघडा: लख्ख चार घरं, मंद पुढची चार. खेळाडूंपैकी एकाला कोरा आलेख कागद आणि पेन्सिल द्या. अंतरं सांगताना डावं-उजवं टाळा आणि दिशा वापरा: “उत्तरेला ४० फूट वाट, मग पूर्वेला वळण.” डावं-उजवं प्रत्येकाच्या खुर्चीप्रमाणे बदलतं. त्यांनी काढलेल्या नकाशात टाकं आणि शेवटचं दालन यांमध्ये रिकामी जागा दिसायला लागली की कुणीतरी पाण्यात उतरून तळ चाचपडेल. तोवर चोरवाटेबद्दल काही बोलू नका.